माझा सोलो आणि तिरकी खुर्ची

५ जानेवारी
पाचवा महिना. ठरलं, काहीही बदलणार नाही. सकाळी सराव, दुपारी संगीतशाळेत चेलोचा क्लास, संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. एप्रिलच्या कार्यक्रमातला सोलो माझाच. अकरा वर्षं मागच्या रांगेत बसून मिळालाय, एवढ्याशा जिवापायी सोडणार नाही. नवरा म्हणाला, झेपेल तेवढंच कर. याला माझी जिद्द कळलेलीच नाही.

१९ जानेवारी
मी वाजवायला बसले की बाळ एकदम शांत. थांबले की लाथा सुरू. आतापासूनच कान तयार झालाय! आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, झोपत असेल गं. आईला संगीतातलं काही कळत नाही.

८ फेब्रुवारी
पोट मध्ये येतंय. चेलो गुडघ्यांत मावेना. खुर्ची तिरकी केली, एक पाय लांब सोडला. नवी बैठकच शोधून काढली म्हणायची. क्लासमध्ये मुलींना पुन्हा बजावलं : बाई करतात तस्सं करायचं, का ते विचारायचं नाही.

२६ फेब्रुवारी
आठ मुली, आठ तिरक्या खुर्च्या. शिस्त म्हणजे शिस्त. पण प्रत्येक ओळीआधी सगळ्याजणी कमरेवर हात ठेवून मोठा उसासा टाकतात. हे खूळ कुठून आणलं कोण जाणे. मोबाइलवर काहीतरी बघत असतील. खूप रागावले. ऐकतील तर शपथ.

१४ मार्च
कंडक्टर विचारत होता, सोलोसाठी चष्मिसला तयार ठेवू का. चष्मिस म्हणजे माझ्या क्लासमधली सगळ्यात थोरली, पंचविशीतली. मी सांगितलं, तिला अजून पाच वर्षं तरी लागतील. तीन वर्षांपूर्वीही हेच सांगितलं होतं. मी शब्द फिरवत नाही.

२ एप्रिल
तालीम. माझ्या सोलोआधी व्हायोलिनवाल्यांचं लांबलचक चऱ्हाट आहे. डोळे मिटून सुरांत बुडाले. उघडले तर सगळे वाद्यं मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत बसलेले. बासरीवाला म्हणतो, मी घोरत होते, आणि तेही वरच्या पट्टीत. जळतात मेले.

४ एप्रिल
मोठ्या मनाने सोलो चष्मिसला देऊन टाकला. कंडक्टरला भरून आलं असावं, त्याने लगेच पाठ फिरवली. बाहेर पोस्टरवर तिचा फोटो आधीच छापलेला. छापखानेवाले हल्ली फार पुढचं बघतात.
घरी येऊन खूप रडले. नवऱ्याला म्हटलं, कांद्यामुळे. घरात कांदा नव्हता.

१२ एप्रिल, कार्यक्रमानंतर
मुद्दाम पहिल्या रांगेत बसले, चुका काढायला. चष्मिस आली. खुर्ची तिरकी केली, पाय लांब सोडला, कमरेवर हात ठेवून उसासा टाकला. आणि वाजवायला लागली. मला एकही चूक सापडेना.
शेजारच्या आजीबाई माझ्या कानाशी लागल्या. "गुणाची आहे हो पोर. अशा दिवसांत एवढं वाजवायचं म्हणजे खायचं काम नाही. कितवा महिना तिला?"
"आठवा," मी म्हणाले.
माझ्या पोटात तोवर लाथांचा धुमाकूळ सुरू झाला होता. शेवटच्या सुरापर्यंत थांबला नाही. माझं वाजवणं चालू असताना हे बाळ एकदाही जागं राहिलं नव्हतं.
आईला फोन करायला हवा. उद्या करीन.