म्हशीचा वाटा

घाटकोपर, ता. ८ जानेवारी १९५६

ती. सौ. रुक्मिणीमावशीस प्रेमाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं बोरीवलीचं खुशालीचं पत्र पोचलं. इथे मात्र खुशाली नाही. माझ्या सासऱ्यांची, अण्णांची, मूळव्याध बळावली आहे. डॉक्टरांनी वीस फेब्रुवारीला ऑपरेशन ठरवलंय आणि अण्णा इतके धसकलेत की कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते सगळ्यांना दोनदा सांगून झालं.

डॉक्टर म्हणाले, तोवर कोंड्यासकट पीठ खाऊन बघा, फरक पडला तर ऑपरेशनचा पुन्हा विचार करू. पण या घरात कणीक दोनदा चाळून वर मलमलीतून वस्त्रगाळ करतात. कोंडा दर रविवारी नंदकिशोर गवळ्याच्या म्हशीला जातो. अण्णा लहानपणी दुष्काळात कोंड्याच्या भाकरीवर वाढले. नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी ठरवलं की आपल्या ताटात कोंडा पुन्हा येणार नाही. डॉक्टरांनाही ते तसंच तोंडावर सांगून आले. तू बावीस वर्षं दवाखान्यात नर्स आहेस, आता तूच सांग काय करू.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
प्रेमा

बोरीवली, ता. ११ जानेवारी

चि. सौ. प्रेमास अ. उ. आ.

म्हैस ठणठणीत आणि घरधनी अंथरुणावर, असं घर मी पहिल्यांदाच पाहते आहे. अगं, धान्याचं सत्त्व बरंचसं त्या कोंड्यातच असतं. डॉक्टरांनी सांगितलंच आहे, तर चाळण फळीवर ठेव. मात्र सासूबाईंना आधी विश्वासात घे. एकदम सगळा कोंडा नको, रोज मूठ मूठ वाढव आणि पाणी भरपूर प्यायला दे. थोडा कोंडा खमंग भाजून थालीपिठात घाल, गुळाच्या लाडवात घाल. चवीवरून कोणी नावं ठेवणार नाही. पण सासऱ्यांनी विचारलं तर खोटं बोलू नकोस.

तुझी काळजी आहेच, पण विश्वासही आहे.
मावशी

घाटकोपर, ता. ८ फेब्रुवारी

ती. सौ. मावशीस शि. सा. न. वि. वि.

तीन आठवडे झकास गेले. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने चाळण माळ्यावर टाकली. अण्णांनी पोळ्यांची तारीफ करून गहू कुठून आणले ते विचारलं, तेव्हा मी म्हणाले, वाण्याकडून. खोटं नव्हतं. दुखणं कमी झालं, अण्णा पुन्हा फिरायला जाऊ लागले.

आणि रविवारी वाट लागली. नंदकिशोर दारात येऊन अण्णांनाच विचारू लागला, की तुम्ही पोळ्या खायचं सोडलंत का, महिनाभर कोंड्याचा डबा रिकामा, म्हैस रुसली आहे. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं खरं सांगितलं. ते भरल्या ताटावरून उठले. तेव्हापासून नुसता भात खाताहेत आणि आमच्याशी बोलत नाहीत. आज दुखणं पुन्हा सुरू झालं. मावशी, मला फार अपराधी वाटतं.

तुझी,
प्रेमा

घाटकोपर, ता. १८ फेब्रुवारी

सौ. रुक्मिणीबाई यांस सा. न. वि. वि.

आपली भाची पत्र लिहिते आहे असं पाहून मीच कागद ओढून घेतला. चार दिवस हट्टाने भात खाल्ला आणि हट्टाची फळं भोगली. पाचव्या दिवशी मीच स्वयंपाकघरात जाऊन सूनबाईंकडे थालीपीठ मागितलं. काल डॉक्टरांनी तपासलं आणि ऑपरेशन रद्द केलं. पथ्य मात्र सोडायचं नाही, अशी ताकीद आहे.

दुष्काळात आईने आम्हा चार भावंडांना कोंड्यावर जगवलं. चौघेही जगलो. पन्नास वर्षं मला त्या भाकरीची लाज वाटली, आणि खरं सांगतो, थोडी आईचीही. त्या थालीपिठाचा घास घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सूनबाईंना वाटलं मिरची जास्त झाली.

नंदकिशोरला सांगून टाकलंय, म्हशीची सोय दुसरीकडे बघ, आमच्या घरचा कोंडा आता माणसं खातात. सोमवारी वीस तारीख. ज्या वेळी मी ऑपरेशनच्या टेबलावर आडवा असणार होतो, त्या वेळी पाटावर बसून जेवणार आहे. आपला पाट माझ्या शेजारी मांडला आहे.

स्नेह आहे तो वाढवायला जातीने यावं, ही विनंती.
अण्णा