सूतभर मोठी पट्टी

आबा,

येत्या गुरुवारी मुंबईला माझी व्हिसाची मुलाखत आहे. परदेशात पैसे गुंतवून ओतकामाच्या लाकडी नमुन्यांचं, आपलं पॅटर्नचं वर्कशॉप काढायचं आणि ते चालवायला स्वतः तिथं जाऊन राहायचं, त्यासाठीचा हा व्हिसा. आपल्याकडून पॅटर्न घेणाऱ्या तिकडच्या फाउंड्रीला माणूस जवळ हवाय आणि पन्नाशीला टेकलेल्या तुमच्या लेकीला अजून एकदा काहीतरी उभं करायची खुमखुमी आहे. हे हुकलं तर पुन्हा सगळं जमवायला माझ्यात दम उरणार नाही. आज सोमवार, उचगावचं वर्कशॉप बंद. सकाळपासून मी एकटीच इथं फाईल उघडते, मिटते, मशिनींभोवती चक्कर मारून येते, परत बसते. चहा दोनदा केला, दोन्हीदा गार झाला.

राजारामपुरीतले एक सल्लागार माझी तयारी करून घेतात. वयानं माझ्यापेक्षा बरेच लहान, पण टेबलापलीकडं बसले की थेट साहेब होतात. पैसा कुठून आला, किती माणसं कामावर ठेवणार, हे मला तोंडपाठ आहे. कागद चोख आहेत, त्याची भीती नाही. गाडी अडते ती एकाच प्रश्नाला, धंद्याची सुरुवात कशी झाली. पहिल्या सरावात मी सांगितलं की वडील उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते, त्यांची नोकरी गेली, मग घरामागच्या पत्र्याखाली त्यांनी स्वतःचं काम मांडलं. सल्लागारांनी हात वर करून मला थांबवलं. "मॅडम, नोकरी गेली हे कशाला सांगताय? पुढं विचारणारच की, का गेली म्हणून. वडिलांनी संधी ओळखून धंदा काढला, एवढंच बोला." त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. समोरचा कमी करूनच ऐकणार हे धरून ते सगळं जरा वाढवून सांगायला शिकवतात. तुम्ही लाकडात तेच करत होता.

ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून लाकडी पॅटर्न आधीच तेवढा मोठा करायचा आणि त्यासाठी पट्टीच मुळात मोठी वापरायची, फुटामागं सूतभर, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाएवढी. हे तुम्ही मला सांगितलंत तेव्हा मी सातवीत होते आणि माझं लक्ष नव्हतं. तुमच्या पेटीत दोन पोलादी पट्ट्या, दिसायला जुळ्या. साधी वरच्या खाचेत, मोठी खालच्या. तुम्ही आकडे बघत नव्हता, हात खाचेत गेला की हवी ती पट्टी हातात येई. त्याच वर्षी एका सोमवारी तुम्ही गगनबावड्याला लग्नाला गेला होता आणि मला भूमितीच्या वहीसाठी पट्टी हवी होती. मी दोन्ही काढल्या, एक दप्तरात टाकली, उरलेली खालच्या खाचेत ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी वरची खाच रिकामी बघून तुम्ही आईला म्हणालात, "पोरीनं साधी पट्टी नेलीया वाटतं," आणि कामावर गेलात.

आठवड्यानं शाळेत बाईंनी माझी रेघ मोजली. दहा सेंटिमीटरची रेघ मिलिमीटरभर जास्त भरली. लाल फुली मारून त्या म्हणाल्या, पट्टी तरी धड आण. घरी येऊन मी गुपचूप पट्ट्या जागच्या जागी ठेवल्या. पण तोवर तुम्ही पंपाच्या बॉडीचा पॅटर्न करून दिला होता, साध्या पट्टीनं, तीच मोठी समजून.

काही दिवसांनंतरची ती दुपार मला अजून लख्ख दिसते. मी ताटावर बसलेय, आई भाकरी थापतेय आणि तुम्ही अवेळी सायकल आत घेता. कॅरिअरवर पेटी रोजचीच, पण आज हँडलला तुमचा कामावरचा चहाचा मगही अडकवलेला आहे. आई तव्यावरची भाकरी उलटायची विसरते. तुम्ही हातपाय धुता, बसता आणि सांगता, की सगळे नग बारीक निघाले, सगळा माल परत वितळवायला गेला आणि मालकानं उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

"तुमचं माप कसं चुकंल?" आई विचारते.

"नजर चुकली माझी. माणूसच हाय की मी."

तुम्ही माझ्याकडं बघत नाही. आणखी एक भाकरी मागून घेता. मी पाणी पीत राहते.

त्याच आठवड्यात मोठ्या पट्टीच्या टोकाच्या भोकात लाल दोरा आला. मी डिप्लोमा पास झाले त्या दिवशी ती पट्टी तुम्ही माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, "दोरा बांधलाय हिला. आता चुकायची न्हाईस." मी हसून व्हय म्हणाले. तेव्हा तरी बोलायला हवं होतं, आबा. तुम्हाला माहीत आहे हे मला कळलं होतं. मला कळलंय हे तुम्हाला कळलं की नाही, तेवढंच तुम्ही असेपर्यंत विचारायचं राहून गेलं. त्याची मला लाज वाटते, आणि तुमचा थोडा रागही येतो. एक थोबाडीत दिली असतीत तर तेव्हाच मिटलं असतं.

परवाच्या सरावात मी न अडखळता बोलले, "वडिलांनी संधी ओळखली." सल्लागार खूश झाले, म्हणाले, आता कसं, असंच बोलायचं. मलाही काही खटकलं नाही. घरी येईपर्यंत मी तुम्हाला उद्योजक करून टाकलं होतं आणि माझी चूक त्यात कुठंच नव्हती. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

आज समोर सरावाचा कागद आहे. धंद्याची सुरुवात, असं छापलंय आणि खाली चार ओळींची रिकामी जागा. दुपारी त्यात मी लिहिलं: वडिलांची नोकरी माझ्यामुळं गेली, पेटीतली पट्टी मी बदलली होती. पहिल्यांदाच लिहिलं.

पेन्सिलनं लिहिलंय, आबा. खोडरबर शेजारीच आहे.