राखून ठेवलेला डावा डोळा

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (कंबर आणि उजवा खांदा सध्या पॉलिश पेपर घासून कामातून गेले आहेत, तेव्हा उरलेल्या अंगांनी केलेला समजावा.) तुझा गुडघा कसा आहे? व्यायाम शिकवणाऱ्या बाईंशी तुझं बोलणं पुन्हा सुरू झालं का? इकडे सगळे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उत्तम झालं. डावा व्हायचा आहे. तो करून घ्यायला ते साफ नाही म्हणतात, आणि त्याचं कारण मी आहे. हे फोनवर सांगितलं नाही, कारण त्यांचे कान शाबूत आहेत.

आपली जुनी गाडी तुला आठवत असेल. तिच्या मागच्या सीटवर बसून तू एकदा बाबांना रस्ताभर गाडी चालवायला शिकवलं होतंस. (ते तेव्हा वीस वर्षं चालवत होते.) डोळे अधू झाल्यावर त्यांनी चालवणं सोडलं आणि गाडी फाटकाजवळच्या झाडाखाली उभी राहिली. झाडाने पानं दिली, पक्ष्यांनी बाकीचं दिलं, आणि टपावरचा रंग पापुद्रे धरून उठला. ऑपरेशन ठरलं तसे बाबा म्हणाले, "डोळा झाला की तुझ्या आईला हिच्यातून फिरवून आणणार. तोवर ही माणसात आली पाहिजे." मी गॅरेजचं नाव काढलं. "जन्मभर छापखान्यात शाई मिसळली मी. आता डबाभर रंग मिसळायला गॅरेजवाला आणू?" तुझ्या भावाची ख्याती तुला ठाऊकच आहे. छापखान्याचे मालक गिऱ्हाइकाला सरळ सांगायचे, "माझं नको ऐकू, यांच्या डोळ्याला विचार." तेव्हा रंग मिसळणं त्यांच्याकडे आणि घासण्यापासूनचं बाकी सगळं माझ्याकडे, अशी वाटणी झाली.

खरी चूक रंग मिसळताना झाली आणि ती मी समोर उभं राहून होऊ दिली. माझी नोकरी नेमकी काय, हे तू दर वेळी विचारतेस आणि मी दर वेळी "टाइल्सच्या कारखान्यात" एवढंच सांगते. या महिन्यात भाजलेली टाइल मागच्या महिन्यातल्या टाइलशी रंगाने जुळते की नाही, हे मी यंत्राने मोजते. ते हातात मावणारं यंत्र साहेबांच्या परवानगीने (लेखी) घरी आणलं. पेट्रोलच्या झाकणाच्या आत, ऊन न लागलेल्या जागी, गाडीचा मूळ रंग तळहाताएवढा शिल्लक होता. निळसर राखाडी, धुतलेल्या पाटीसारखा. मी तो मोजला. तेवढ्यावर काम भागत होतं. बाबांनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "हा पिवळा पडलाय. जुना रंग पिवळा पडतोच. निळा घाल." घातला. "अजून." घातला. "अगं, अत्तर आहे का ते? ओत!"

पिवळं पडलं होतं ते बाबांच्या डोळ्यातलं भिंग. मोतीबिंदूने ते पिवळं होतं आणि निळा रंग अडवतं, हे मला पुस्तकातून पाठ आहे. "ऑपरेशननंतर रंगवू या," एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण ज्यांना विचारल्याशिवाय औषधाच्या एका खोक्याचा रंग ठरत नव्हता, त्यांना "तुम्हाला आता रंग दिसत नाही" हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यांनी विचारलं, "आता कसा झालाय?" मी म्हणाले, "चांगला आहे."

प्रत्यक्ष रंगकामाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यात अभिमानाचं फारसं काही नाही. रंग फवारायला टायरवाल्याचा कंप्रेसर आणला. काचांना वर्तमानपत्रं चिकटवली. धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी मारलं आणि आईच्या जुन्या चादरी बांधून गाडीभोवती तंबू केला. (जुन्या कोणत्या, यावर आईचं आणि माझं अजून एकमत नाही.) पहिला हात संत्र्याच्या सालीसारखा आला. दुसरा गुळगुळीत आला, पण मी जवळून मारल्यामुळे डाव्या दरवाजावर ओघळ आले. गाडी मुसमुसून रडली असावी असं वाटतं. तिसऱ्या हाताच्या वेळी वारा सुटला आणि तंबूने आपली बाजू सोडली. रंगाची बारीक धूळ आईच्या चष्म्यावर, कुंड्यांवर आणि समोरच्या वकिलांच्या वाळत घातलेल्या शर्टांवर बसली. वकील भांडायला आले, गाडी पाहून थबकले आणि म्हणाले, "ही मोटार आहे की पोहण्याच्या तलावाचा तळ?" त्यानंतर ते भांडले नाहीत. आमच्याकडे आधीच पुरेसं दुःख आहे असं त्यांना वाटलं असावं. बाबा मात्र गाडीला प्रदक्षिणा घालून म्हणाले, "जशीच्या तशी! विकत आणली त्या दिवशी अशीच होती."

ऑपरेशननंतर डोळ्यावरची पट्टी निघाली, त्या दिवशी आईने त्यांना मागच्या दाराने घरात घ्यायचं ठरवलं. मागचं दार उघडेना, कारण गाडीचे सोडवलेले बंपर मीच आतून टेकवून ठेवले होते. शेवटी पुढूनच यावं लागलं. बाबा फाटकात थांबले.

"आपल्या दारात कोणाची गाडी लागलीय?"

"आपलीच आहे," आई म्हणाली. "चला, चहा गार होतोय." (चहा ठेवलेलाही नव्हता.)

त्यांनी उजवा डोळा मिटून पाहिलं. मग डावा मिटून पाहिलं. पुन्हा उजवा. मग पेट्रोलचं झाकण उघडून आतला तळहाताएवढा रंग बराच वेळ पाहिला आणि झाकण हलकेच लावलं.

"तुला दिसत होतं?"

"हो."

"मग?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

इथवर फक्त गाडीचा प्रश्न होता. पण हॉलमध्ये त्यांनी छापलेली कॅलेंडरं आणि खोकी चौकटीत लावलेली आहेत, ती तुला माहीत आहेत. संध्याकाळी ते एकेका चौकटीपुढे उभे राहिले, एकदा हा डोळा झाकून, एकदा तो. "हे ठीक. हेही ठीक. हे... नाही." नोकरीच्या शेवटच्या वर्षांतलं सगळं त्यांनी उतरवलं आणि कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून ठेवलं. भिंतीवर आता त्या जागा तेवढ्या पांढऱ्या दिसतात.

दुसऱ्या दिवशी जाहीर केलं, "डावा राहू दे." का, विचारलं. "नमुना म्हणून. मी किती चुकत होतो ते ताडून बघायला एक जुना डोळा लागतो." मी म्हणाले, दोन डोळे असे वेगवेगळे ठेवले तर अंतर कळत नाही, तोल जातो. परवा त्यांची पायरी चुकलीसुद्धा. कठडा होता म्हणून निभावलं. त्यावर म्हणाले, "कारखान्यात पहिल्या बॅचची टाइल तुम्ही फेकून देता का?" देत नाही, आत्या. कुलपात ठेवतो. माझ्याच शास्त्राने माझं तोंड बंद केलं.

असो. आई बरी आहे. ती म्हणते, या घरात न चुकलेला रंग एकच, तिच्या चेहऱ्याचा, कारण तो उडालेलाच आहे. काकांना नमस्कार सांग आणि गुडघ्याला जप.

तुझी भाची

ता. क. तू ये. शास्त्रीय मुद्दा तुझ्याजवळ एकही नाही, आणि आता तेच हवं आहे. लहानपणी नाक दाबून त्यांना एरंडेल पाजायचीस, साधारण त्या पद्धतीने डाव्या डोळ्याचं काम व्हावं. तुझे दोन्ही डोळे झालेले आहेत, त्यामुळे त्यांना तुझ्यापुढे नमुन्याची सबब सांगता येणार नाही. वरकरणी मात्र गाडी बघायला आले म्हण.

ता. क. २. गाडी बघून रंग चांगला आहे असं चुकूनही म्हणू नकोस. या घरात ते एकदा म्हणून झालं आहे.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तेवढ्यात बाबांनी उरलेला रंग मागितला. एका पत्र्याच्या तुकड्यावर नवं मिश्रण लावून तो त्यांनी झाकणाच्या आतल्या रंगाशेजारी धरला आणि विचारलं, "कसा आहे?" मी म्हणाले, "जुळलेला नाही. काळा कमी आहे." "हे तू म्हणतेस की तुझं यंत्र?" "दोघंही." ते हुं म्हणाले आणि पुन्हा मिसळायला बसले. थोड्या वेळाने, मान वर न करता: "ताईला लिहितेयस ना? लिही, येताना जुने कपडे आण. गाडी परत घासायचीय." डाव्या डोळ्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. पण मिसळताना सगळा वेळ त्यांचा एक हात त्या डोळ्यावर होता.