नारळी पुनवेचा दोरा

मुंबई, हॉस्पिटलातून

आये,

मी बरी हाय, पेज गिळते. बाबांचा खोकला गेला काय?

गळ्यातली जन्मापासूनची गाठ काढली. भूल उतरताना मी मुरब्याच्या किनाऱ्यावर होते. तू बोंबील वाळत घालत होतीस नि माझी गाठ भरतीवर तरंगत लांब चालली होती.

तपासणीत गाठीच्या आत कॅन्सर निघाला. असं फार थोड्यांना होतं म्हणे. बाहेर पसरलेला दिसत नाय, घाबरू नको.

दर नारळी पुनवेला तू माझ्या गळ्यात काळा दोरा बांधतेस. यंदा तो पुरला नाय, तवा हसलीस, "जाडी झालीस गो!" ते आठवून रडू नको. कोणाला कळणार होतं?

पुढच्या पुनवेचा दोरा आत्ताच कापून ठेव. जरा आखूड काप.

तुझी जाडी लेक,
जयवंती