सुटल्यानंतरचा वर्ग

१ जुलै, सोमवार
पणजीचं दोन दिवसांचं ट्रेनिंग संपलं. डोळे उघडले. नववीच्या पोरांचं इंग्रजी कच्चं नाही, ती विचार न करता लिहितात एवढंच. आधी प्लॅन, मग लिहिणं, मग आपलं आपण तपासणं. दिवाळीपर्यंत अख्ख्या मये गावात चुकीचं इंग्रजी शिल्लक राहणार नाही.
अश्विनी माहेरी, इब्रामपूरला. चार दिवसांसाठी गेली आहे. मार्चपासून.

३ जुलै
चाळीस फॉर्म छापले. तीन रकाने: काय लिहायचं, काय गाळायचं, काय तपासलं. मधला रकाना माझी स्वतःची आयडिया. वर्गातल्या सगुणने पहिल्या रकान्यात लिहिलं, 'गो होम'. ध्येय स्पष्ट आहे. शाबासकी दिली.

५ जुलै
शाळा सुटल्यावर दीड ते अडीच एक्स्ट्रा क्लास सुरू केला. कोणी आलं नाही. शिपाई बाबली दोनदा डोकावला. सर, घरा वचपाचें ना? घरी काय जायचं, इथे काम आहे म्हटलं. अडीचपर्यंत फळा पुसला.

९ जुलै, मंगळवार
काल एक विद्यार्थिनी थांबली, आज एक विद्यार्थी. पद्धत रुजते आहे.
जेवण: पोदेराच्या बेकरीतले दोन उंडे पाव, चहा. हलकं खाल्लं की डोकं चालतं.

१८ जुलै
रोज एकच येतं, पण रोज वेगळं. मी काही सांगितलेलं नाही. मुलं स्वतःच वेळ वाटून घेतात! ट्रेनिंगवाल्यांना कळवायला हवं. आज थांबलेल्या गौरवीने स्वतःच्या डब्यातली भाजी पुढे केली. भूक नाही म्हटलं. मग खाल्ली.

२२ जुलै, सोमवार
अश्विनीला मेसेज. माझ्याच पद्धतीने आधी प्लॅन केला, चांगली दोन पानं. मुद्दा एक: चूक कोणाची. तपासताना तो गाळला. बाकीचेही गाळले. शेवटी पाठवलं: गॅसचं पुस्तक कुठे आहे?
उत्तर: कपाटात.
संवाद सुरू झाला.

६ ऑगस्ट
निबंध: माझे शिक्षक. गौरवीचा अप्रतिम. सर हसतमुख, सर कडक, सरांना इंग्रजी फार आवडतं. एकही चूक नाही. स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवला. मग पाठीमागे टाचलेला फॉर्म बघितला. 'काय गाळायचं' रकाना पूर्ण भरलेला:
सरांच्या मिसेस सोडून गेल्या. सर एकटेच असतात, जेवत नाहीत. आम्ही पाळी लावली आहे, रोज एकाने थांबायचं. हे सरांना कळता कामा नये.
फॉर्म लावायला मीच सांगितलं होतं. तिने लावला.
दहापैकी दहा दिले. दुसरं काय देणार?

७ ऑगस्ट, बुधवार
वर्गात जाहीर केलं, एक्स्ट्रा क्लास बंद. तुमची तयारी झाली, मलाही आता बरीच कामं आहेत. सगळ्यांनी घरी जायचं. पोरं एकमेकांकडे बघत उठली.
सर्वेश बाकावरून हलेना. क्लास बंद झाला रे, म्हटलं.
म्हणाला, "बंद जाल्यार जांव, सर. आयज म्हजी पाळी."
बैस म्हटलं.