भाऊजींना मी घेऊन जातेय

अहो,

भाऊजींना घेऊन मी चौकातल्या स्मारकापाशी निघालेय. लढाईवरून परत आलेल्या सगळ्यांचा आज तिथे सत्कार आहे, हे तुम्हाला माहीत आहे. "धाकट्याला कशाला न्यायचं? शत्रूच्या हाती सापडलेला माणूस, उगीच शोभा होईल," असं तुम्ही काल म्हणालात. ते शेजारच्या खोलीतच होते. त्यांनी सगळं ऐकलं.

म्हणून आज सकाळी मी त्यांना सरळ विचारलं, तुम्ही सापडलात कसे? इतक्या वर्षांत या घरात कुणी ते विचारलंच नव्हतं. बूट पुसता पुसता म्हणाले, "पळता आलं असतं, वहिनी. पण आमच्या ड्रायव्हरचा पाय गाडीखाली चिरडला होता. तो म्हणाला, मला एकट्याला टाकून जाऊ नकोस. मग बसलो त्याच्याजवळ."

एवढंच. आणि याची तुम्ही जन्मभर लाज बाळगलीत!

तुमचा राखाडी कोट मी त्यांना घातलाय. तुमच्यापेक्षा त्यांनाच बरा दिसतो. जेवण झाकून ठेवलंय. दूध तापवाल तेव्हा जवळ उभे राहा, उतू घालवू नका.

घरचं माणूस म्हणून त्यांच्या शेजारी मी उभी राहणार आहे. तुम्हाला यायचं असेल तर त्यांच्या दुसऱ्या बाजूला भरपूर जागा आहे. आम्हाला परत न्यायला येणार असाल, तर मात्र घरीच बसा.