देवपूजेचा तांब्या

मंगळवार, १४ मार्च १९७२

मूल होत नाही म्हणून उद्या नगरला डॉक्टरांकडे जायचं. नवऱ्यालाही तपासतात म्हणे. मी म्हणालो, दोष बाईतच असतो. पिशवी भरता भरता सखू बोलली, "पहिलीला वांझ म्हनून हाकललं तुमी. तिनं राजूरला पाट लावला. दोन पोरी हायेत तिला आता."

हातात देवपूजेचा तांब्या होता, तोच मारला. कपाळ फुटलं. देवाचा तांब्या, आणि मी तो बाईवर उचलला.

रक्त थांबल्यावर विचारलं, "डॉक्टरला काय सांगशील?"

"पहिली काय सांगायची?"

उंबऱ्याला अडखळले, असं सांगायची.

तिला पोरी झाल्याचं कळलं त्याच दिवशी मला सारं समजलं होतं. तरी हात उठला. उद्या डॉक्टरांपुढे आधी मी बसेन.